तुम्ही विचारलंत म्हणून: स्वीडनमध्ये पण लांडगे चोरून मारतात?

माझं आजोळ इंदापूरकडचं, तिकडच्या माळावर लांडगे आहेत, त्यामुळे मी स्वीडनमध्ये, नॉर्वेच्या सीमेवरच्या वर्मलांड प्रांतात राहतो म्हटलं की फोनवर थंडीचं विचारून झाल्यावर मामा लांडग्यांवर येतोच. ‘अरे पण एवढा शिस्तीचा देश, तिथं पण लोक चोरून मारतात?’

मारतात. आणि थोडेथोडके नाही. १९६६ला इथं लांडग्याला संरक्षण मिळालं तेव्हा जवळपास उरलेच नव्हते, मग १९८३ला पूर्वेकडून, फिनलंड-रशियाच्या बाजूनं आलेल्या जोडीला इथं वर्मलांडातच पिल्लं झाली आणि तिथून परत सुरुवात. २०१२ला संशोधकांनी स्वीडन-नॉर्वेचा दहाएक वर्षांचा हिशोब मांडला, तर मेलेल्यांपैकी निम्मे चोरट्या शिकारीत गेलेले, आणि त्यातल्या दोन-तृतीयांशांहून जास्त शिकारींचा पुरावाच नाही. म्हणजे रेडिओ कॉलर नीट चालू, जनावर धडधाकट, आणि एक दिवस सिग्नल बंद, नंतर बर्फात माग काढला तरी त्याचा ठसा नाही. हे झालं नसतं तर २००९ला लांडगे जवळपास चौपट असते असं त्यांचं गणित आहे.

मेंढरांवरून राग असेल असं आपल्याला वाटतं, तो आहेच, पण आमच्या भागात खरा राग कुत्र्यावरून. ऑक्टोबर आला की मूसची शिकार (मूस म्हणजे घोड्याएवढं हरीण), त्यात कुत्रा मोकळा सोडतात, तो लांब जंगलात मूसला अडवून भुंकत राहतो आणि मालक मागून पोचतो. लांडग्यांच्या इलाख्यात तो कुत्रा कधीकधी परत येत नाही. वर्षानुवर्षं शिकवलेला, घरात सोफ्यावर झोपणारा कुत्रा हो, भरपाई घेऊन काय करणार? वर ‘स्टॉकहोमवाले ठरवणार, भोगायचं आम्ही’ हे आहेच. गोळी घालणारे मूठभरच असतील, पण ज्यांना माहिती असतं ते बाकीचे तोंड उघडत नाहीत, आणि माझ्या मते सगळी गोम तिथंच आहे, पोलीस काय करणार.

मग थोडे कायद्यानं मारू दिले तर? २०१०ला सरकारनं तेच केलं, लोक निवळतील म्हणून. २७ची परवानगी होती, २८ मेले. मला हे बिलकुल पटलं नव्हतं, पण २०२०चा इथलाच अभ्यास म्हणतो की कायदेशीर शिकार जास्त तेव्हा गायब होणारे कमी. आणि अमेरिकेत विस्कॉन्सिन-मिशिगनवरचा २०१६चा अभ्यास बरोब्बर उलटं सांगतो, सरकारच मारायला लागलं की चोरटी शिकार वाढते, आणि त्यावरून अभ्यासकांची जुंपलेली आहे ती वेगळीच. सध्या स्वीडनमध्ये साडेतीनशेच्या आसपास लांडगे, त्यात बहुतेक सगळे चार-पाच पूर्वजांचेच वंशज, म्हणजे एकमेकांच्या नात्यातलेच, म्हणून मला तरी असले प्रयोग महागातले वाटतात.

मामाचं ठाम मत, आपले धनगर बरे. अर्धं खरंय. वाघर (मेंढरांभोवतीची जाळी) लावून रात्र जागणारे, एखादं कोकरू गेलं तर लांडग्याचा वाटा म्हणून सोडून देणारे म्हातारे आहेत, पण बिळात धूर करून पिल्लं मारणारे पण आहेत की. फक्त तिकडचं नुकसान सरळ पोटावर येतं, भरपाई वेळेवर आणि हेलपाटे न घालता मिळाली तर तिकडे नक्की फरक पडेल. इथं भरपाई मिळते, करंटच्या कुंपणाला अनुदान पण मिळतं, आणि तरी कॉलर बंद पडतायत.