कार्बनचा हिशेब आणि निविदेतील अट

2020 साली जगभर टाळेबंदी लागली, विमाने जमिनीवर उभी राहिली आणि कोट्यवधी माणसे घरात बसली. तरीही त्या वर्षी जीवाश्म इंधनांपासून होणारे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन आदल्या वर्षाच्या तुलनेत साधारण पाच टक्क्यांनीच घटले आणि 2021 मध्ये ते जवळजवळ पूर्वपदावर आले. प्रत्येकाने आपापल्या सवयी बदलल्या की हवामानाचा प्रश्न सुटेल, या समजुतीची एवढी मोठी परीक्षा कोणी ठरवूनही घेतली नसती. माणसांचे फिरणे थांबले, पण वीजकेंद्रे, पोलादाच्या भट्ट्या आणि सिमेंटचे कारखाने बहुतांशी चालूच राहिले.

सिमेंटकडे थोडे जवळून पाहू. चुनखडी भट्टीत तापवली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि चुना उरतो. पुढे सुमारे 1450 अंश सेल्सिअसला या चुन्याचा मातीतील सिलिकाशी संयोग होऊन क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट बनवायचा मुख्य घटक, तयार होते. सिमेंटच्या उत्सर्जनातील निम्म्याहून अधिक वाटा या रासायनिक क्रियेचा असतो, त्यामुळे उद्या सगळी भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी दगडात कोंडलेला वायू सुटणारच. यावर ग्राहक म्हणून मी काय करणार? सिमेंट मी क्वचितच विकत घेतो. माझ्या वाट्याचे बहुतेक सिमेंट पूल, रस्ते आणि इमारतींमधून माझ्यापर्यंत येते. क्लिंकरचे प्रमाण मात्र कमी करता येते. औष्णिक केंद्रांतील राख, पोलाद भट्टीतील मळी किंवा भाजलेली चिकणमाती मिसळलेले सिमेंट नवे नाही आणि त्याच्या मजबुतीची तपासणीही झालेली आहे. अडचण असते ती निविदा लिहिणाऱ्या अभियंत्याच्या टेबलावर. जुने मिश्रण लिहिले तर त्याला कोणी जाब विचारत नाही. नवे लिहिले आणि काही बिघडले तर जबाबदारी एकट्याच्या गळ्यात पडते. सरकारे ही जगातील सिमेंटच्या सर्वांत मोठ्या खरेदीदारांपैकी असल्यामुळे, काँक्रीटच्या प्रत्येक घनमीटरमागे किती उत्सर्जन चालेल याची एक अट निविदेत घातली, तर त्या अभियंत्याची भीती आणि कारखानदाराचा आळस एकदमच दूर होतो.

तरीही या विषयावरील बोलणे फिरून फिरून माझ्या दिव्यांवर, माझ्या पिशवीवर आणि माझ्या आहारावर येते, आणि हे सगळे आपोआप घडलेले नाही. स्वतःची ‘कार्बन पाऊलखूण’, म्हणजे आपल्या जगण्यातून किती उत्सर्जन होते ते, मोजण्याची कल्पना अभ्यासकांच्या वर्तुळातून लोकांच्या तोंडी नेण्यात बीपी या तेल कंपनीचा मोठा हात होता. 2004 च्या सुमारास तिने आपल्या संकेतस्थळावर तसा गणकच ठेवला होता. तेल विकणाऱ्याने तेल वापरणाऱ्याला हिशेबाची वही भेट द्यावी, यातील चातुर्याला दाद द्यावीच लागते.

मात्र याच्या उलट टोकाचा युक्तिवादही मला पटत नाही. 1988 पासूनच्या औद्योगिक हरितगृह वायूंपैकी 71 टक्के वायूंचा संबंध केवळ शंभर उत्पादकांशी आहे, हा 2017 च्या एका अहवालातील आकडा सतत पुढे केला जातो आणि त्यावरून आपण नामानिराळे राहतो. त्या आकड्यातील फार मोठा भाग या उत्पादकांनी विकलेला कोळसा, तेल आणि वायू इतरांनी जाळल्यामुळे निर्माण झालेला आहे, आणि ते इतर म्हणजे आपणच. शिवाय या यादीतील कित्येक उत्पादक सरकारी मालकीचे आहेत. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या 2022 च्या अहवालानुसार मागणीच्या बाजूने केलेल्या उपायांनी 2050 पर्यंत संबंधित क्षेत्रांतील उत्सर्जन 40 ते 70 टक्क्यांनी कमी होऊ शकते. ही घट केवळ सवयी बदलून येत नाही; पायाभूत सुविधा, तंत्रज्ञान आणि वर्तन एकत्र बदलावे लागते, हेही त्याच अहवालात म्हटले आहे. बस वेळेवर येत नसेल तर बसने जाण्याचा उपदेश पोकळ ठरतो, आणि बस सुरू होऊनही कोणी चढले नाही तर ती बंद पडते.

माझा आक्षेप जबाबदारीला नसून तिच्या आकुंचनाला आहे. व्यक्ती म्हणजे केवळ ग्राहक नव्हे. ती मतदार असते, करदाता असते, कुठेतरी निविदा लिहिणारी किंवा मंजूर करणारीही असते, आणि माझ्या मते तिचे खरे वजन तिथेच पडते. स्वीडनने 1991 मध्ये कार्बन कर लावला तो करव्यवस्थेच्या मोठ्या फेररचनेचा भाग म्हणून, आणि त्याच वेळी उत्पन्नावरील करही कमी केला. पुढील दशकांत तो कर अनेक पटींनी वाढला आणि घरे तापवण्यासाठी तेल जाळणे तिथे जवळजवळ संपले. त्यासाठी कोणत्याही कुटुंबाला पाऊलखुणा मोजत बसावे लागले नाही. फ्रान्समध्ये मात्र संपत्ती कर मोडीत काढला त्याच वर्षी, 2018 मध्ये, इंधनावरील कर वाढवला गेला. गाडीवाचून पर्याय नसलेली गावोगावची माणसे पिवळी जाकिटे घालून रस्त्यावर उतरली आणि पुढच्या जानेवारीत होणारी वाढ सरकारला रद्द करावी लागली. या लोकांना पर्यावरणाचे शत्रू ठरवणे मला अन्यायाचे वाटते. ओझे कोणाच्या खांद्यावर किती टाकायचे, हा प्रश्न त्या धोरणाने टाळला होता आणि त्यांनी तो विचारला.

असे प्रश्न धोरण ठरण्यापूर्वी विचारता येतात, फक्त ती जागा कंटाळवाणी असते. वाहनांच्या धुराचे निकष असोत की इमारतींचे नियम, मसुदा प्रसिद्ध करून ठराविक मुदतीत हरकती व सूचना मागवण्याची पद्धत अनेक देशांत आहे. उद्योगांचे प्रतिनिधी तिथे तक्ते, खर्चाचे अंदाज आणि पर्यायी शब्दरचना घेऊन वेळेत हजर असतात, कारण तेच त्यांचे काम असते. एखादे कलम आपल्याला का हवे किंवा का नको, हे दोन परिच्छेदांत लिहून मुदतीपूर्वी पाठवायला नागरिकाला एखादी संध्याकाळ पुरते.