जर्मनी फिरायचंय, पण ट्रेन की कार?

सध्या घरात हाच वाद चाललाय, ह्यांना ऑटोबानवर (जर्मनीतला एक्सप्रेसवे) गाडी पळवायचीये कारण काही भागात स्पीड लिमिटच नाही (तरी सल्ला ताशी १३० किमीचाच आहे बरं का), आणि मला खिडकीत बसून ऱ्हाईन नदी बघायचीये. कारला टोल नाही हे खरं, पण पेट्रोल आणि शहरातलं पार्किंग धरलं की हिशोब बदलतो. शिवाय १२ वर्षांखालची मुलं १५० सेंमीपेक्षा कमी उंचीची असतील तर चाइल्ड सीट लागतेच, आणि बऱ्याच शहरांच्या मधल्या भागात गाडीवर कमी प्रदूषणाचा हिरवा स्टिकर नसेल तर गाडी नेताच येत नाही.

माझं मत विचाराल तर बर्लिन, कोलोन, म्युनिक ही मोठी शहरं सरळ आयसीई या वेगवान ट्रेननेच करायची, लवकर बुक केलं की तिकीट बरंच स्वस्त पडतं, फक्त सीट रिझर्वेशनचे पैसे वेगळे. नॉयश्वानस्टाइन किल्ल्यासाठी बायर्न तिकीट (बायर्न म्हणजे बव्हेरिया राज्याचं एका दिवसाचं तिकीट) घ्यायचं, ५ जणांपर्यंत एकाच तिकिटावर दिवसभर, पण लोकल आणि रिजनल गाड्यांमध्येच चालतं, आयसीईत नाही, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच. किल्ल्याजवळच्या फ्युसेन गावात उतरून पुढे बस.

ब्लॅक फॉरेस्ट या जंगल-डोंगराच्या भागासाठी मात्र दोन-तीन दिवस कार घ्यावी, तिथे हे बरोबर बोलतायत, छोट्या गावात मनात येईल तिथे थांबता येतं. आणि हो, रविवारी दुकानं बंद असतात, मुलांचा खाऊ शनिवारीच भरून ठेवा.