गणपतीच्या आत भिंत

आमच्या घरात कुठल्याही कामाला दोनच मुदती असतात. एक गणपतीच्या आत, नाहीतर मग दिवाळीच्या आत. हॉलची भिंत पहिल्या मुदतीत बसवायची असं जुलैच्या शेवटी ठरलं, तिथेच चुकलं.

घर डोंबिवलीत, तिसरा मजला, इमारत नव्वदच्या दशकातली. हॉलची पश्चिमेची भिंत बारा फूट लांब, नऊ फूट उंच, उजवीकडे पाच बाय चारची खिडकी. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणजे चार महिने या भिंतीला बाहेरून झोडपतो. खिडकीखालच्या कोपऱ्यात दरवर्षी पोपडे धरायचे आणि आम्ही तिथे शू-रॅक सरकवून विषय मिटवायचो. या वर्षी नवा सोफा आला, शू-रॅक बाहेर गेला आणि कोपरा उघडा पडला. एका भिंतीसाठी कोणी रंगारी येत नाही. दोघांना विचारलं, दोघेही म्हणाले, "पूर्ण घर काढायचं असेल तर सांगा." तेव्हा मीच करतो म्हटलं.

पहिल्या प्रयत्नाचं फार सांगण्यासारखं काही नाही. पत्र्याने पोपडे खरवडले, तयार पुट्टी आणून थापली, पंखा लावून वाळवली, वर वारली चित्रं काढायची म्हणून गेरूसारखा तांबूस रंग मारला. गणपतीत आरतीला आलेल्या प्रत्येकाने भिंतीचं कौतुक केलं. अनंत चतुर्दशीपर्यंत त्या कोपऱ्यात पुरीसारखा फुगा आला. बोट लावलं तर रंग, पुट्टी आणि आतला ओला गिलावा असं सगळं एकत्र हातात आलं. मागे पांढरी भुकटी.

"लोणा लागलाय," आई म्हणाली. "त्याच्यावर चुना धरत नाही, तुझी पुट्टी काय धरणार." आई लहानपणी घराला निळीचं बोट घातलेला चुना काढायची. भिंतीच्या बाबतीत तिचं आधी ऐकायला हवं होतं.

लोणा म्हणजे क्षार. गिलाव्यात, विटेत, सिमेंटमध्ये ते असतातच. पाणी आत शिरलं की त्यात विरघळतात, पाणी भिंतीच्या तोंडाशी येऊन उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात. ते रंगाच्या आड साचले की थर उचलतात. म्हणजे पोपडा हे दुखणं नव्हे, पाणी कुठून येतंय हा प्रश्न. मी मात्र महिनाभर पोपड्याचंच औषध शोधत होतो.

पाणी बाहेरून येतंय की आतल्या नळातून, हे आधी कळायला हवं. त्या भिंतीत पाइप नव्हता, पण खात्री करायची म्हणून नवरात्रात, पाऊस थांबल्यावर, दुकानदाराने सांगितलेली युक्ती केली. फूटभर प्लास्टिकचा कागद भिंतीवर ठेवून चारही कडा टेपने बंद केल्या आणि दोन दिवस ठेवला. कागदाच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, दव धरलं. ओल भिंतीतच मुरलेली होती. खोलीतल्या दमट हवेचं असतं तर दव कागदाच्या बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला दिसलं असतं. पुढे प्रत्येक टप्प्याआधी मी हाच कागद लावला. एवढा खात्रीचा आणि फुकटचा दुसरा उपाय मला तरी सापडला नाही.

मग खिडकीतून वाकून मोबाइलने बाहेरचे फोटो काढले. बायकोने मागून शर्ट धरला होता. छज्जा जिथे भिंतीला मिळतो तिथे पेन्सिलीएवढी आडवी भेग. छज्ज्याचा उतारही उलटा, भिंतीकडे. पावसाचं पाणी तिथे थांबून भेगेतून आत जात होतं.

बाहेरच्या भिंतीची दुरुस्ती हे सोसायटीचं काम, सोसायट्यांच्या नियमावलीत, म्हणजे आदर्श उपविधींमध्ये, तसं स्पष्ट आहे. आमच्याकडे ते स्पष्ट करायला तीन अर्ज आणि एक सभा लागली. सभेत एका काकांनी "तुम्हाला भिंतीवर चित्रं काढायचीत म्हणून सोसायटीने खर्च करायचा का?" असं विचारलं. दिवाळीनंतर एकदाचे झुल्यावरचे दोघे कामगार आले. त्यांनी भेग छिन्नीने इंग्रजी व्ही अक्षरासारखी रुंद केली, धुतली, पॉलिमर घातलेल्या सिमेंटने भरली आणि छज्ज्याला बाहेरच्या बाजूने उतार दिला. अर्ध्या दिवसाचं काम. खोलीत बसून ते दिसतही नाही. पण अख्ख्या प्रकरणातलं खरं काम तेवढंच, बाकी सगळा शृंगार.

आतून मी सुटा गिलावा पाडायला घेतला. हातोडीच्या मागच्या बाजूने ठोकत गेलं की पोकळ जागी मडक्यासारखा आवाज येतो. दोन वीत वाटत होती ती जागा चार फुटांपर्यंत गेली. क्षार कोरड्या ब्रशने झाडले. पाण्याने धुतलं तर ते विरघळून परत आत जातात. गिलावा मात्र मी केला नाही, शेजारच्या इमारतीत काम करणाऱ्या गवंड्याला संध्याकाळी बोलावलं. जे येत नाही ते न करणं हीसुद्धा एक बचत आहे. सात दिवस सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारलं आणि नंतर महिनाभर भिंतीला हात लावला नाही. घरातल्यांनी या महिन्याचा फार छळ केला. "झाली का वाळून?" हा प्रश्न दूधवाल्यानेसुद्धा विचारला.

मधल्या काळात एक गोष्ट कळली ती सांगतो, कारण ती मला तोवर कोणी सांगितली नव्हती. भिंतीच्या खालच्या तीन फुटांत जुन्या ऑइल पेंटची पट्टी होती, तेव्हा सगळेच मारायचे, हात पुसायला बरी म्हणून. मी ती पॉलिश पेपरने घासायला घेणार होतो. रंगाच्या दुकानातले काका म्हणाले, "घरात लहान मूल आहे ना? मग कोरडी घासू नका." जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवण्याचा नियम 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, आमची पट्टी त्याच्या वीस वर्षं आधीची. शिशाची धूळ लहान मुलांना सगळ्यात वाईट. मुलीला आणि आईला दोन दिवस बहिणीकडे पाठवलं, मास्क लावला, पाणी मारून मारून पत्र्याने ती पट्टी काढली, चिखल जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि फरशी झाडली नाही, ओल्या फडक्याने तीनदा पुसली.

जानेवारीत कागद कोरडा निघाला आणि पुट्टी सुरू झाली.

पुट्टीचं गणित असं. व्हाइट सिमेंटवाली भुकटी, किलोला साधारण 350 ते 400 मिलिलिटर पाणी. पाण्यात भुकटी घालायची, भुकटीत पाणी नव्हे, नाहीतर पिठल्यासारख्या गुठळ्या होतात. दोन-तीन तासांत संपेल तेवढीच कालवायची. मी पहिल्या दिवशी उत्साहात पाच किलो कालवली, दुपारी निम्मी बादलीतच दगड झाली. लावण्याआधी भिंतीवर हलकं पाणी मारायचं, कोरडी भिंत पुट्टीतलं पाणी ओढून घेते आणि मग ती भुकटीसारखी हाताला लागते. थर पातळ, दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडवा. भिंतीतला खड्डा एका हातात भरायचा मोह होतो. भरू नका, तडे जातात.

घासणं. इथे माझा शेजाऱ्यांशी, बायकोशी आणि स्वतःशीही वाद झाला. 180 नंबरचा पेपर, मग 220. लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून घासायचा, नुसत्या हाताने घासला तर बोटांच्या नाल्या पडतात. उजेड बंद करून टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरला की प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. दिवसा गुळगुळीत वाटलेली माझी भिंत टॉर्चमध्ये सह्याद्री दिसत होती. आणि धूळ! पंखे बंद होते, दारावर ओली चादर होती, तरी पंधरा दिवसांनी वरच्या कपाटातल्या लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर पुट्टी सापडली.

त्यामानाने रंग सोपा. प्रायमरचा एक हात, मग इमल्शनचे दोन, मध्ये चार तास. खिडकी वजा जाता साधारण 88 चौरस फुटांना दोन लिटरमध्ये भागलं, वाटीभर उरला. शेड-कार्डावर निवडलेला रंग ट्यूबलाइटखाली वेगळाच दिसतो हे ऑगस्टमध्ये कळलं होतं, म्हणून या वेळी छोटा डबा आणून पुठ्ठ्यावर मारला आणि तो पुठ्ठा दोन दिवस सोफ्यामागे उभा ठेवला. रात्री तो विटेसारखा भडक दिसला, तेव्हा एक पायरी मळकट शेड घेतली. मारताना मध्येच चहाला थांबायचं नाही. आधीच्या पट्ट्याची कड ओली असतानाच पुढचा पट्टा त्यावर चढला पाहिजे, नाहीतर उभा जोड दिसतो. माझा एक दिसतो. आता त्याच्यासमोर दिव्याचा स्टँड आहे. मास्किंग टेप रंग पुरता वाळायच्या आत काढायची, दुसऱ्या दिवशी काढली तर रंगाची सालपटं घेऊन येते.

तांबूस भिंतीवर पांढरी वारली चित्रं, ही मूळ कल्पना बायकोची. ती डहाणूकडच्या एका आश्रमशाळेत दोन वर्षं शिकवायची, त्यामुळे तिचे नियम होते. पहिला, लग्नाचा चौक काढायचा नाही. वारली घरात लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते, तो विधी आहे. "कोणाचं लग्न आपल्या सोफ्यामागे कशाला?" हे तिचं म्हणणं मला पटलं. डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांनी विधीपलीकडे रोजचं जगणं कागदावर आणलं, त्यांना 2011मध्ये पद्मश्री मिळाली. आम्हाला जे जमणार होतं ते रोजच्या जगण्यातलंच: तारपा नाच, एक झाड, दोन बैल.

दुसरा नियम, स्टेन्सिल नाही. त्रिकोणाच्या टोकावर टोक ठेवून दुसरा त्रिकोण, वर गोल, काड्यांचे हातपाय, ऐकायला बालवाडीचं काम. पण पहिली वीस माणसं जुन्या कॅलेंडरच्या मागे काढली तेव्हा ती सगळी कवायत करत उभी होती. नाचत नव्हती. बायकोने दाखवलं की दोन त्रिकोण एकमेकांवर सरळ ठेवायचे नाहीत, कमरेत जरा तिरके ठेवायचे, वरचा ज्या बाजूला झुकेल त्याच्या उलट गुडघा. एवढ्याने माणूस हलतो. मूळचा बांबूच्या काडीचा ब्रश आम्ही कुल्फीच्या काडीचं टोक ठेचून केला. तो आमच्या हातात टिकला नाही, शेवटी शून्य नंबरचा ब्रश आणि पांढरा ॲक्रिलिक. नाचाचं वेटोळं आधी खडूने आखलं. तारपा वाजवणारा मध्ये, आतल्या वेढ्यातली माणसं बोटभर, बाहेरची चार बोटं. तीन रविवार गेले. मुलीने काढलेले बैल हे डुकरासारखे दिसतात, तिच्यासमोर हे बोलायचं नाही.

पडद्यांत पुन्हा आपटलो. रॉड खिडकीच्या चौकटीला नव्हे, तीन बोटं वर आणि दोन्हीकडे सहा-सहा इंच बाहेर लावायचा, म्हणजे पडदे सरकवल्यावर काच पूर्ण मोकळी होते. खिडकीवर काँक्रीटचा लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, असते. साध्या ड्रिलने मी अर्धा तास फक्त आवाज काढला, शेवटी हॅमर ड्रिल भाड्याने आणली. कापडाचा हिशोब: रॉड 72 इंच, चुण्या नीट पडायला दुप्पट, म्हणजे 144. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, 48 इंच, म्हणून तीन पन्हे, प्रत्येक पडद्याला दीड. रॉडपासून फरशी 221 सेंटिमीटर, दुमड धरून अडीच मीटर, एकूण साडेसात मीटर. मंगलदास मार्केटमधून जाडसर सुती हातमाग आणला, गणित चोख. फक्त शिवायच्या आधी भिजवला नाही. पहिल्या धुण्यात पडदे चार बोटं आटले आणि हॉल आखूड पॅंट घातल्यासारखा दिसू लागला. शिंप्याने खाली दुमड भरपूर सोडली होती म्हणून वाचलो. ती उसवून एका बोटाने घातली.

उशांना बायकोने आईच्या जुन्या खणांची कव्हरं शिवली. खणाचा पन्हा अरुंद, मोठ्या उशीला पुरत नाही, म्हणून मागच्या बाजूला साधं खादीचं कापड लावलं. अख्ख्या हॉलमध्ये सगळ्यात कमी कष्टाची वस्तू आणि पाहुणे पहिल्यांदा हात तिथेच लावतात.

उरलेला वाटीभर रंग काचेच्या बरणीत भरून झाकणावर शेडचा नंबर लिहून ठेवला होता. एप्रिलमध्ये मुलीने घरात सायकल आणली आणि हँडलने भिंतीवर वीतभर चरा ओढला. बरणी काढली, ब्रशने दोन थेंब लावले, पण जुन्या रंगावर नवा डाग वेगळाच चमकत राहिला. रोलरने मारलेल्यावर ब्रश जुळत नाही म्हणतात, ते खरं. आता तिथे झाडाखाली एक कोंबडी आहे, तिच्यामागे चार पिल्लं आहेत. पाचवं सायकल परत आत आली तर.