टेस्ट लाल, बिल्ड हिरवं: कमांड लाइनवरून टेस्ट चालवण्याचा माझा अनुभव

पायटेस्ट (पायथन कोडच्या टेस्ट चालवणारं साधन) इन्स्टॉल करणं, टेस्टचं फोल्डर लावणं, टर्मिनलवरून पहिली टेस्ट चालवून बघणं, यावर मी इथे काही लिहीत नाही. ते पटकन जमतं. माझा संताप आहे तो पुढच्या टप्प्यावर. टेस्ट फेल होतात, लॉगमध्ये ‘फेल्ड’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि तरी बिल्ड सर्व्हर (नवा कोड आला की आपोआप टेस्ट चालवणारं मशीन) हिरवी खूण देऊन डिप्लॉय करून मोकळा होतो. हाती आलेल्या एका जुन्या प्रोजेक्टात हे बघितलं. तेव्हापासून कुठलीही टेस्ट स्क्रिप्ट समोर आली की मी आधी तेवढंच तपासतो.

मुळात बिल्ड सर्व्हर तुमचा लॉग वाचत नाही. कमांड संपताना एक आकडा परत देते, एक्झिट कोड, आणि सर्व्हर फक्त तेवढाच बघतो. 0 म्हणजे ठीक, बाकी काहीही म्हणजे गडबड. पायटेस्टचे आकडे ठरलेले आहेत: 0 सगळ्या टेस्ट पास, 1 काही फेल, 2 मधेच कुणी थांबवलं, 3 पायटेस्टच्याच पोटात बिघाड, 4 कमांड चुकीची लिहिली, 5 एकही टेस्ट सापडली नाही. टर्मिनलवर हा आकडा बघायचा तर टेस्ट संपल्या संपल्या ‘एको $?’ द्या. मधे दुसरी कुठलीही कमांड चालवलीत तर तिचा आकडा दिसेल.

आता त्या स्क्रिप्टमधली ओळ बघा:

पायथन -एम पायटेस्ट टेस्ट्स | टी रिपोर्ट.लॉग

हेतू चांगला होता. आउटपुट स्क्रीनवरही दिसावं आणि फाइलमध्येही राहावं. पण पाइप (‘|’, एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देणारी खूण) आला की शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम, शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड देतो, आणि इथे शेवटची कमांड आहे ‘टी’. तिने फाइल व्यवस्थित लिहिली, म्हणून 0. पायटेस्टचा 1 पाइपमध्येच विरला. स्क्रिप्टच्या वरच ‘सेट -ई’ (कमांड पडली की स्क्रिप्ट थांबव) लिहिलेलं होतं, म्हणून सगळे निश्चिंत होते. त्याचा इथे काडीचा उपयोग नाही, कारण ‘सेट -ई’लासुद्धा पूर्ण पाइपलाइनचा शेवटचाच आकडा दिसतो.

उपाय एका ओळीचा आहे: स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट -ओ पाइपफेल’. मग पाइपमधली कुठलीही कमांड पडली तरी अख्खी पाइपलाइन पडते. पण ही ओळ घातल्यावर ‘इल्लीगल ऑप्शन -ओ पाइपफेल’ असा एरर येऊ शकतो, आणि इथे बरेच जण ओळ काढून टाकतात. काढू नका. याचा अर्थ इतकाच की स्क्रिप्ट बॅश या शेलमध्ये चालत नाहीये, ‘एसएच’ या शेलमध्ये चालतेय. उबुंटू आणि डेबियनवर ‘एसएच’ म्हणजे डॅश, आणि बहुतेक सर्व्हरवर बसलेल्या डॅशला पाइपफेल कळत नाही. जेनकिन्स हा बिल्ड सर्व्हर वापरत असाल तर त्याच्या ‘एसएच’ स्टेपमध्ये पहिलीच ओळ ‘#!/बिन/बॅश’ अशी द्या. तसं केल्यावर जेनकिन्स एरवी आपणहून लावतो ते ‘-एक्सई’ निघून जातं, म्हणून पुढची ओळ पूर्ण लिहा: ‘सेट -ईओ पाइपफेल’.

गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये (गिटहबची बिल्ड चालवणारी सेवा) हाच मुद्दा वेगळ्या रूपात भेटतो. लिनक्सवर शेल कुठला ते लिहिलं नाहीत, तर बॅश नुसत्या ‘-ई’ने चालतो, पाइपफेलशिवाय. ‘शेल: बॅश’ असं स्पष्ट लिहिलंत की पाइपफेल आपोआप लागतं. दोन्हीकडे बॅशच आहे, म्हणून हा फरक नजरेतून हमखास सुटतो. मी प्रत्येक वर्कफ्लोमध्ये ती ओळ लिहितोच.

खरं तर माझं मत असं की ‘टी’ मुळात काढूनच टाका. बिल्ड सर्व्हर लॉग स्वतः जपून ठेवतो. रिपोर्ट हवा असेल तर पायटेस्टला ‘--जेयुनिटएक्सएमएल=रिपोर्ट.एक्सएमएल’ द्या. कुठल्या टेस्टला किती वेळ लागला, कुठली का पडली, हे सगळं त्यात येतं आणि पाइपची भानगडच उरत नाही.

दुरुस्ती झाली हे सिद्ध कसं करायचं? वेगळ्या ब्रांचवर ‘असर्ट फॉल्स’ एवढीच एक टेस्ट टाका आणि पुश करा. बिल्ड लाल व्हायलाच हवं. स्क्रिप्टला हात लागला की दर वेळी हे करा.

पाइप सरळ झाल्यावर दुसरं प्रकरण वर आलं. पायटेस्टला ‘-एम स्मोक’ लावून, म्हणजे ‘स्मोक’ हा मार्कर (टेस्टवर लावलेली खूण) असलेल्याच टेस्ट चालवणारा, एक टप्पा 5 देऊन पडायला लागला. कोडमध्ये मार्करचं नाव कधीतरी बदललेलं होतं, त्यामुळे एकही टेस्ट निवडली जात नव्हती. इतके दिवस तो टप्पा काहीही न तपासता हिरवा होता. यावर लगेच सुचवलं गेलं की ओळीच्या शेवटी ‘|| ट्रू’ लावू या. याला माझा ठाम विरोध आहे. त्याने 5 तर गिळला जातोच, पण 1, 3 आणि 4 पण गिळले जातात. नाव दुरुस्त करा आणि ‘--स्ट्रिक्ट-मार्कर्स’ लावा. मग टेस्टवर नोंद नसलेला मार्कर कुणी टाकला तर पायटेस्ट तिथेच थांबतो. कमांडमध्ये ‘-एम’नंतर चुकीचं नाव लिहिलंत तर मात्र तो थांबत नाही, तिथे तुम्हाला 5 हाच वाचवतो.

डॉकर कंपोजमध्ये (अनेक कंटेनर एकत्र चालवणारं साधन) टेस्ट चालवत असाल तर ‘अप’ला ‘--एक्झिट-कोड-फ्रॉम’ आणि टेस्टच्या सर्व्हिसचं नाव द्या. नाहीतर ‘रन’ वापरा, तो कंटेनरचा आकडा जसाच्या तसा बाहेर देतो.

137 दिसला तर टेस्टच्या कोडमध्ये शोधत बसू नका. तो 128 अधिक 9, म्हणजे प्रोसेसला बाहेरून ‘किल’ केलंय, आणि बहुतेक वेळा कारण मेमरी संपल्याचं असतं. ‘-एन ऑटो’ लावून टेस्ट समांतर चालवत असाल तर आधी वर्कर कमी करा, ‘-एन 2’ देऊन बघा. टेस्ट अडकून बसत असतील तर कमांडच्या आधी ‘टाइमआउट 600’ लावा. दहा मिनिटांनी ती थांबते आणि 124 येतो.

मघाशी राहिलं: नुसतं ‘पायटेस्ट’ न लिहिता ‘पायथन -एम पायटेस्ट’ का? कारण दुसऱ्या पद्धतीत चालू फोल्डर पायथनच्या शोधमार्गात येतं. लॅपटॉपवर चालतं आणि सर्व्हरवर ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ येतं, त्यातल्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

भारतातल्या टीमसाठी एक खास गोष्ट. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. टेस्टमध्ये एका बाजूला भारतीय वेळेची तारीख आणि दुसऱ्या बाजूला सिस्टिमची तारीख असेल, तर रात्री 12 ते पहाटे 5:30 या वेळात ती पडते आणि सकाळी तीच पास होते. लोक ‘फ्लेकी’ (कधी पास, कधी फेल) म्हणून सोडून देतात. टेस्टमधलं घड्याळ मुंबईच्या रात्री 1 वाजता गोठवा आणि कमांडच्या आधी ‘टीझेड=यूटीसी’ लावून चालवा. चूक भर दुपारी दिसेल.

लॅपटॉपवर ‘--एलएफ’ लावलं की फक्त मागच्या वेळी पडलेल्या टेस्ट चालतात, वेळ खूप वाचतो. सर्व्हरवर मात्र पायटेस्टचं कॅश फोल्डर जपलेलं नसेल तर तिथे तो सगळ्याच टेस्ट चालवतो. ‘-एक्स’ही लॅपटॉपवरच ठेवा. सर्व्हरवर पहिल्याच फेलला थांबलात तर उरलेल्या चार पुढच्या बिल्डमध्ये एकेक करून कळतील. तिथे मी ‘--मॅक्सफेल=20’ आणि सगळ्यात संथ दहा टेस्ट दाखवणारं ‘--ड्युरेशन्स=10’ ठेवतो.