पैलवान द्यायचा की ठेवायचा : फ्लॉवरहॉर्नची पावसाळी नोंद

पैलवान, म्हणजे माझा फ्लॉवरहॉर्न मासा, आता नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत २६ सेंटिमीटर भरतो. कोक, म्हणजे डोक्यावरचा उंचवटा, चांगला फुगलाय, गालावरचा लाल रंग पोटाखालपर्यंत उतरलाय, खाणं व्यवस्थित आहे. तब्येतीची तक्रार नाही. अडचण जागेची आणि रागाची आहे, आणि या दोन्हींमुळे गेले काही आठवडे घरात एकच विषय चाललाय : याला दुसरं घर बघायचं का?

टँक अजून तोच, ३ × १.५ × १.५ फुटांचा. काठोकाठ भरला तर १९० लिटर. रुंदी ४५ सेंटिमीटर, त्यात २६ सेंटिमीटरचा मासा. वळतो अजून, पण वळताना शेपूट काचेला लागते. आठवड्याला ४० टक्के पाणी बदलूनही बदलायच्या दिवशी नायट्रेट (माशाच्या घाणीतून शेवटी पाण्यात साठतं ते) ४० पीपीएमपर्यंत गेलेलं असतं. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, म्हणजे फिल्टर आपलं काम करतोय. पाणीच कमी पडतंय.

विषय निघाला तो हीटरमुळे. पैलवानानं धडका देऊन काचेचा हीटर फोडला. मुंबई-चेन्नईकडचे लोक म्हणतील, हीटर हवाच कशाला? बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बेळगावातल्या आमच्या शहापूरला दिवसच्या दिवस ऊन पडत नाही, घरात स्वेटर निघतात, आणि उघड्या टँकचं पाणी २२-२३ अंशांवर येऊन थांबतं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तर त्याहून वाईट. फ्लॉवरहॉर्नला २७-२८ अंश लागतं. उन्हाळ्याचे तीन-चार महिने सोडले तर इथं हीटर काढता येत नाही, आणि पैलवान हीटर राहू देत नाही.

हीटर फुटला त्यात धोका माशापेक्षा माणसाला जास्त. मासा पूर्ण पाण्यात असतो, त्याच्यातून करंट जमिनीत जायला वाट नसते. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून आपण हात घातला की ती वाट आपण होतो. घरात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) आहे, तो पडला म्हणून मला कळलं. ज्यांच्याकडे मोठे सिक्लिड (फ्लॉवरहॉर्न ज्या कुळातला ते मासे) आहेत आणि ईएलसीबी नाही, त्यांनी मासा-फिल्टर सगळं बाजूला ठेवून आधी तो बसवून घ्यावा. आणि टँकमध्ये हात घालण्याआधी प्लग काढायचा, प्रत्येक वेळी.

मी फिरतीवर असलो की आई त्याला पेलेट घालते. हात पाण्याजवळ आला की तो उसळून येतो, बोटाला धरतो. दात बारीक आहेत, पण साल निघते. वहिनी म्हणाल्या, “भावजी, पोरगं टँकवर चढायला बघतंय. कुणाला तरी देऊन टाका की.” पुतण्या चार वर्षांचा आहे. वहिनींचं म्हणणं बरोबरच आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रागाबद्दल मात्र थोडं सांगतो, कारण नवीन लोक याला माशाचा दोष समजतात. फ्लॉवरहॉर्न कुठल्याच नदीत जन्मलेला नाही. मध्य अमेरिकेतल्या मोठ्या सिक्लिडांचा संकर करून १९९० च्या दशकात मलेशियात तो तयार झाला. त्याचे पूर्वज अंडी घालण्यासाठी तळाचा तुकडा धरतात आणि तिथं कुणाला फिरकू देत नाहीत. तीन फुटांच्या टँकमध्ये सगळा तळ हाच त्याचा तुकडा. त्यात फिल्टरचा पाइप, हीटर, माझा हात, सगळं घुसखोरच. मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून काळा कागद लावला तेव्हा स्वतःच्या प्रतिबिंबावर धावून जाणं बंद झालं. दगडांची जागा बदलली की एक-दोन दिवस तो नरमतो, मग परत तेच. जोडीदार मासा घालून राग वाटला जाईल असा सल्ला अनेकदा मिळतो. १९० लिटरमध्ये त्याचा अर्थ दुसऱ्या माशाचा जीव घेणं एवढाच आहे, मी तो करणार नाही. डिव्हायडर घालून दीड-दीड फूट करणं तर याहून वाईट.

काही जण सहज म्हणतात, “किल्ला तलावात सोड की, मस्त जगेल.” जगेलच, म्हणून सोडायचा नाही. मलेशिया-सिंगापूरच्या जलाशयांत लोकांनी सोडलेल्या फ्लॉवरहॉर्नांनी बस्तान बसवलंय. आपल्याकडे उजनीत चिलापीनं (तिलापिया) काय केलं ते मासेमारांना विचारा. चिलापीही सिक्लिडच, याच कुळातली. दल सरोवरात २०२३ मध्ये अ‍ॅलिगेटर गार हा मगरीसारख्या तोंडाचा परदेशी मासा सापडला, तोही कुणाच्या तरी टँकमधून आलेला असणार. आपल्या मलप्रभा-घटप्रभेत खडस (महसीर) आहे, घाटातल्या ओढ्यांत बारीक बारीक देशी मासे आहेत. दुसऱ्या माशांचा जीव घेणाऱ्या माशाला त्यांच्यात सोडणं मला पटत नाही. एकटा नर काय करणार, असंही म्हणतात. फ्लॉवरहॉर्नचे बरेच नर नापीक असतात हे खरं, पण माझा त्यातलाच आहे हे कोण सांगणार?

मग घरं बघायला लागलो. एका हॉटेलवाल्यांना तो काउंटरवर हवा होता. फ्लॉवरहॉर्न घरात आला की भरभराट होते अशी श्रद्धा आहे आणि त्यांनी मनापासून मागितला. पण काउंटरवर बसतो तो दोन फुटांचा टँक. निपाणीच्या एका दोस्ताकडे सहा फुटांचा सुंदर टँक आहे, पण त्यात ऑस्करची जोडी आहे. ऑस्कर अंगानं मोठा असला तरी स्वभावानं भित्रा, पैलवान त्यांचे डोळे काढेल. दुकानात परत दिला तर विकला जाईपर्यंत तळाला वाळू-दगड काही नसलेल्या छोट्या टँकमध्ये पडून राहणार, आणि पुढे कुणाकडे जाणार यावर आपला ताबा नाही.

खानापूरच्या दादांची जागा मला सगळ्यात आवडली होती. घरामागं सिमेंटची मोठी टाकी, हजारेक लिटरची, सावलीत. आनंदानं तयार झाले. मी विचारलं, “दादा, पाऊस लागला की टाकी भरून वाहते का?” म्हणाले, “वाहते की, पाणी सरळ ओढ्याला जातंय.” खानापूरचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना पुढचं सांगायला नको. तो ओढा मलप्रभेला मिळतो. शिवाय उघड्यावर हिवाळ्याची थंडी. दादांना कारण सांगितलं, त्यांनाही पटलं.

तर ठरलं : पैलवान इथंच राहणार, टँक बदलणार. ४ × २ × २ फूट, १२ एमएम काच. पाणी सुमारे ४५० लिटर, काच आणि स्टँड धरून वजन सहाशे किलोच्या आसपास. आमचं घर जुनं, माळ्याला लाकडी तुळया आहेत, त्यामुळे वर न्यायचा प्रश्नच नाही. टँक सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, भिंतीलगत, थेट जमिनीवर उभ्या केलेल्या लोखंडी स्टँडवर बसेल. वर जाड काचेचं झाकण आणि कुलूप, पुतण्यासाठी.

खालच्या बाजूला संप, म्हणजे फिल्टरची वेगळी उघडी टाकी : टँकचं पाणी तिच्यात उतरतं आणि पंप ते परत वर टाकतो. हीटर संपमध्येच जाणार, म्हणजे पैलवानाचा आणि त्याचा संबंधच संपतो. एक मोठा घेण्याऐवजी २०० वॉटचे दोन घेतोय. एक बंद पडला तर पाणी एकदम थंड होत नाही, आणि एक अडकून चालूच राहिला तर मासा शिजत नाही. गोकाकचे अण्णा गेली कित्येक वर्षं मोठे सिक्लिड ठेवतात, त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली : पावसात लाइट जाणारच, तेव्हा पंप थांबल्यावर वरून जेवढं पाणी खाली उतरेल तेवढी जागा संपमध्ये मोकळी ठेव, नाहीतर सोपा भिजेल. पाणी वर आणणाऱ्या रिटर्न पाइपला टँकमधल्या पाण्याच्या पातळीच्या जरा खाली छोटं भोक, म्हणजे सायफन लगेच तुटतो. लाइट बराच वेळ गेली तर बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमधले घाण पचवणारे जीवाणू गुदमरतात, उघड्या संपमध्ये ते जास्त तग धरतात, हाही फायदा. एअरपंप इन्व्हर्टरवर राहील.

जुन्या फिल्टरमधला मीडिया, म्हणजे ते जीवाणू बसलेला भराव, तसाच नव्या संपमध्ये हलवतोय, त्यामुळे जीवाणू शून्यापासून वाढवावे लागणार नाहीत. तरी पहिले दोन आठवडे रोज अमोनिया तपासणार आणि खाणं निम्मं ठेवणार. हलवण्याआधी एक दिवस उपाशी. जाळीत धरायचा नाही, कोकाला आणि खवल्यांना लागतं. झाकणाची मोठी बादली पाण्यात आडवी घालून त्यातच घ्यायचा.

खाण्याबद्दल विचारणाऱ्यांसाठी : फीडर गोल्डफिश (जिवंत खाऊ म्हणून मिळणारे) मी देत नाही. त्यांच्यात थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं, वर रोग येतो तो वेगळाच. चांगले पेलेट, अधूनमधून सोललेली कोळंबी.

काचेचं माप दिलंय, पितृपक्षाच्या आधी टँक मिळेल असं कारागीर म्हणतोय. एकच गोष्ट अजून ठरत नाही : ओव्हरफ्लोसाठी, म्हणजे टँकचं पाणी संपमध्ये उतरायला, मागच्या काचेला भोक पाडायचं की वरून पाइप टाकायचा. १२ एमएमला भोक पाडून कुणी ४ फुटी टँक चालवलाय का? कडेपासून किती अंतर सोडलं, आणि काच कुठे तडकली का, ते कळवा. भोक पाडायचं असेल तर काच चिकटवण्याआधीच सांगावं लागेल.