फळी वाकडी, म्हणून रेघ वाकडी

मालवण, २६ जुलै, रात्री

आज दुपारपर्यंत कॉम्प्युटर उघडला नाही. सकाळी पावसाने उघडीप दिली तशी छत्री घेऊन दांडीच्या किनाऱ्यावर गेले. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यामुळे होड्या वर ओढून झापांनी झाकून ठेवलेल्या असतात. ऑगस्ट तोंडावर आला की एकेक झाप बाजूला होते, डागडुजी निघते आणि शेवटी नाव रंगवायला तात्यांना बोलावणं जातं.

तात्या गेली कित्येक वर्षं होड्यांवर नावं घालतात. आज मांडवाखाली 'सातेरी प्रसन्न' चाललं होतं. मी वाळूवर पाट टाकून बसले ती दुपारपर्यंत. त्यांनी आधी शिरोरेषा ओढली, पण सुताने नाही, वरच्या फळीच्या कडेला बोट टेकवून. होडीची फळी नाळीकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, वर चढत जाते, तशी ती रेघही चढत गेली. मग तिला एकेक अक्षर टांगलं. रेघ वर जाते आहे, पण काने सगळे ओळंब्यात, सरळ खाली. त्यामुळे अक्षरं कुठेही पडल्यासारखी दिसत नाहीत. 'री'ची वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते, तिला वर जागा कमी होती, म्हणून तात्यांनी ती आडवी पसरली. कुंचला एकदाही उचलला नाही.

मी विचारलं, रेघ सरळ का नाही मारली? तात्या वळलेसुद्धा नाहीत. "फळी वाकडी आसा चेडवा, मगे अक्षर सरळ कसा रवतला? आणि दर्यात ता लांबसून वाचूक व्हया."

दोन आठवडे मी ज्या लेबलाशी झगडते आहे त्याचं उत्तर तिथे वाळूवर बसल्या बसल्या समोर आलं. महिला बचत गटाच्या आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाची, बाटली आहे, गोल, खांद्याशी निमुळती. मी सपाट पडद्यावर सरळ शिरोरेषा घेऊन अक्षरं बसवत होते. कागद बाटलीवर गुंडाळला की शब्दाची दोन्ही टोकं मागे पळायची. मी अक्षरं बारीक करून पाहिली, मोठी करून पाहिली. बाटली गोल आहे ही गोष्ट मात्र मी हिशेबातच धरली नव्हती.

देवनागरीवर माझं प्रेम जडलं ते कॉलेजात, र. कृ. जोशींचं काम पाहून. विंडोजमधला 'मंगल' हा फाँट त्यांचा, आणि तेच कुंचला घेऊन कागदावर अक्षरं नाचवायचे. एकच माणूस पडद्याच्या चौकटीसाठी अक्षर घडवतो आणि चौकट मोडणारंही काढतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं. दुसरे कमल शेडगे. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींमधली त्यांनी काढलेली नावं आई वाचायची, मी बघायचे. नाटक गंभीर की हसवणारं, हे अक्षर वाचण्याआधीच कळायचं. या दोघांकडून मी खूप घेतलं. पण हातात काम अडलं की माझे पाय किनाऱ्याकडे नाहीतर सावंतवाडीकडे वळतात.

सावंतवाडीच्या गंजिफ्याची, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची, एक गोष्ट लिहून ठेवायची आहे, कारण ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. सात वर्षांपूर्वी, नव्याने काम सुरू केलं तेव्हा, काजूच्या एका खोक्यासाठी मी दशावतारी गंजिफ्याचं पान वापरलं. गोल पान, भरगच्च चिन्हं, सुंदर रंग, झाकणावर मधोमध बसवलं. खोका अभिमानाने चितारआळीतल्या एका कारागिरांना दाखवायला नेला. त्यांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि शांतपणे विचारलं, "हे पान मोठं की लहान, माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. मी दश्शी घेतली होती, जास्त चिन्हं म्हणून. या गंजिफ्यात दहा अवतारांचे १० रंग, प्रत्येकी १२ पानं, एकूण १२०. राजा आणि प्रधान सगळीकडे वरचे. पण पुढे निम्म्या रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. मी उचललेल्या रंगात दश्शी सगळ्यांत हलकी होती.

ते रागावले नाहीत. त्यांनी मला बसवून घेतलं आणि पान कसं बनतं ते दाखवलं: चिंचोक्याची खळ, पांढरा लेप, घोटाई, रंग, वर लाख. मग सांगितलं की पानावर आकडा नसतो, म्हणून मत्स्याच्या रंगातले आठ आणि नऊ मासे खेळणाऱ्याला मोजत बसावं न लागता, एका नजरेत ओळखू यावेत असे मांडायचे. ज्याला मी नक्षी समजत होते ती मोजणी होती. ही कला संपत आली असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी एका वृद्ध चितारी कलाकाराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात कारागीर बसवले. त्यांनी ती आधी शिकली. मी आधी स्कॅन केली. तो खोका मी माझ्या कामांच्या यादीतून काढून टाकला. तेव्हापासून एक पथ्य पाळते: एखाद्या वस्तूचा आकार तसा का झाला हे कळेपर्यंत त्यातली रेघसुद्धा घ्यायची नाही.

राजापूरजवळ कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जो कातळात कोरलेला हत्ती आहे, साधारण १८ मीटर लांब, अंगाखांद्यावर कितीतरी जनावरं घेतलेला, तो मी तीनदा पाहून आले. तो का कोरला ते मला कळलेलं नाही. म्हणून तो माझ्या वहीत आहे, कामात नाही.

दुपारी घरी येऊन शिरोरेषेला बाटलीच्या खांद्याचा बाक दिला, काने उभेच ठेवले, आणि एक साधी प्रत काढून बाटलीला चिकटवली. संध्याकाळी गटाच्या मावशींकडे घेऊन गेले. त्यांनी कागदावरची प्रत आधी बघितली. "ही रेघ वाकडी कित्याक गो?" मी काही बोलले नाही, बाटली पुढे केली. त्यांनी ती फळीवर इतर बाटल्यांच्या रांगेत ठेवली, उंबऱ्यापर्यंत मागे गेल्या आणि तिथून मोठ्याने नाव वाचलं. मग ओटीवरून वाचलं. मग सुनेला हाक मारली आणि तिच्याकडून वाचून घेतलं.

रंगाचं मात्र अडलंय. आगळ बाटलीत जवळजवळ काळं दिसतं, बशीत थेंब टाकला तर लालभडक, आणि नारळाच्या दुधात पडलं की सोलकढीचा तो गुलाबी, जो मला छपाईच्या चार शाईंतून अजून साधलेला नाही. मावशी म्हणतात गुलाबी, कारण लोकांना कढी आठवते. मला थेंबाचा लाल हवाय, कारण बाटलीत आगळ आहे, कढी नाही. दोन्ही प्रती खिडकीत लावून ठेवल्यात. दिव्याखाली काही समजत नाही, सकाळच्या उजेडात बघायच्या आहेत. मावशी सातला येतील, येताना गेल्या वर्षीचं आगळही आणणार आहेत.