दिवसभर हॉलमध्ये कोण असतं?

माझं काम डस्ट सँपलिंगचं. म्हणजे मकरपुरा जीआयडीसी, नंदेसरी अशा बडोद्याजवळच्या औद्योगिक वसाहतींत जायचं, कामगाराच्या कमरेला पंप आणि कॉलरला छोटा सायक्लोन, म्हणजे जाड धूळ वेगळी काढून बारीक धूळ फिल्टरवर पकडणारी डबी, लावायचा आणि शिफ्टभर त्याच्या श्वासात काय जातंय ते मोजायचं. बडोद्यातल्याच एका आर्ट गॅलरीतून फोन आला तेव्हा वाटलं एसीच्या डक्टचं काहीतरी असेल, पण जाऊन बघते तर अख्ख्या हॉलभर मातीच्या पातळ चकत्या पसरलेल्या. ग्लेझ म्हणजे वरचा काचेसारखा थर नाही, नुसत्या बिस्क फायर केलेल्या, म्हणजे भट्टीत एकदाच भाजलेल्या. लोकांनी त्यांच्यावरून चालायचं, त्या पायाखाली फुटत जायच्या आणि प्रदर्शन संपेपर्यंत सगळ्याचा भुगा व्हायचा, अशी कल्पना. मला ती खरंच आवडली, आवाज तर भाजलेला पापड मोडावा तसा, चालतच राहावंसं वाटणारा.

आर्टिस्ट तरुण मुलगी, आपल्या दांडिया बाजारातली, फाइन आर्ट्सला सिरॅमिक्स शिकलेली. उद्घाटन दुसऱ्या दिवशी. मी बॅग उघडल्यावर म्हणाली, "ताई, भाजलेली माती आहे, कच्ची थोडीच आहे?" हा प्रश्न मला कारखान्यातही विचारतात. पण मातीच्या मिश्रणात क्वार्ट्झ असतो, म्हणजे क्रिस्टलाइन सिलिका, आणि बिस्कच्या हजारेक डिग्रीला तो कुठेही जात नाही. चकती फुटली की तो बारीक धूळ होऊन सुटतो. कर्करोगावर काम करणाऱ्या आयएआरसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1997 मध्येच कामाच्या ठिकाणच्या या धुळीला पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या गटात. आणि सिलिकोसिस हा या धुळीचा आजार तर त्याच्याही आधीपासून आहे, फुप्फुसं आतून कडक होत जातात, औषधाने ती परत पूर्वीसारखी होत नाहीत.

तिला आय वेईवेई या चिनी कलाकाराच्या बिया माहीत होत्या, तिनेच विषय काढला. ऑक्टोबर 2010, लंडनचं टेट मॉडर्न, पोर्सिलीनच्या 10 कोटी सूर्यफुलाच्या बिया, चीनमधल्या जिंगडेझेनच्या कारागिरांनी हाताने रंगवलेल्या, वजन 150 टनांच्या आसपास. लोकांनी त्यात चालावं, लोळावं म्हणूनच पसरलेल्या आणि उघडल्यावर दोन-तीन दिवसांतच त्यावर चालणं बंद केलं. तिचं म्हणणं, "तिकडचे लोक जरा जास्तच घाबरतात, आपल्याकडे माणूस येणार दहा मिनिटं आणि जाणार." पण टेटने कारण काय दिलं होतं ते बघा ना. धूळ अपेक्षेपेक्षा जास्त उडतेय आणि ती दीर्घकाळ पुन्हा पुन्हा श्वासात गेली तर तब्येतीला घातक ठरू शकते, असं. दहा मिनिटं येणाऱ्याचा हा प्रश्नच नाही. मी विचारलं, दिवसभर हॉलमध्ये कोण असतं?

दिवसभर असतात वॉचमन काका. आणि सकाळ-संध्याकाळ झाडणाऱ्या बेन, म्हणजे ताई.

मग मी हॉलचे सगळे दिवे बंद करायला लावले, स्टँडवर जोरदार टॉर्च लावला आणि सगळ्यांना समोरच्या बाजूला उभं करून त्या झोताच्या दिशेने बघायला सांगितलं. डस्ट लॅम्प म्हणतात याला, साध्या उजेडात न दिसणारी धूळ यात दिसते. आर्टिस्टचा मित्र चार पावलं चालला. जाड धूळ उडाली आणि खाली बसली, ती सगळ्यांना दिसतेच. पण त्याच्यामागे एक धुरकट पट्टा उरला तो हलेचना, नुसता हळूहळू दाराकडे सरकत होता आणि दाराशी काकांची खुर्ची. पट्टा बरोबर बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. कुणी काही बोललं नाही. एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, क्वार्ट्झचा कण स्थिर हवेत एक मीटर खाली यायला तीनेक तास घेतो, म्हणजे शेवटचा माणूस घरी गेला तरी काका तेच ओढत बसणार. अमेरिकेत 2016 पासूनची मर्यादा आहे एका घनमीटर हवेत 0.05 मिलिग्रॅम, आठ तासांच्या सरासरीने, आणि एवढी धूळ नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

मालकांनी विचारलं, मास्क दिले तर? कानाला अडकवायच्या निळ्या मास्कचा इथे उपयोग नाही, एन-95 चेहऱ्याला घट्ट बसला तरच काम करतो, काकांना भरघोस दाढी, आणि मुळात धूळ आपण करायची आणि मास्क घालून आठ तास त्यांनी बसायचं, हे मला पटत नाही. कारखान्यात किमान सिलिकोसिस 1948 च्या फॅक्टरी कायद्यापासून आजारांच्या यादीत आहे, सरकारला कळवावा लागतो. गॅलरी कारखाना नाही, तिथे कोण येणार विचारायला?

बेन मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर बाजूच्या. मी गोधऱ्याचं नाव काढलं, तर कंबरेवरचा हात खाली घेऊन म्हणाल्या, "अमारे त्यांथी घणा गयेला." म्हणजे आमच्याकडचे खूप जण गेलेत. तिथल्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत अलिराजपूर, झाबुआ, धारचे आदिवासी कामगार गेले आणि सिलिकोसिसने मेले. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने 238 मृतांच्या कुटुंबांना गुजरात सरकारने प्रत्येकी 3 लाख द्यावेत असा आदेश दिला. आर्टिस्टला हे काहीच माहीत नव्हतं. ती खाली बसली आणि चकती हातात धरून बराच वेळ बघत राहिली. मला तिचं वाईट वाटलं, किती महिने भट्टीपाशी घालवले असतील तिने.

संध्याकाळपर्यंत ठरलं ते असं. चालणं बंद, लोकांनी कडेने बघायचं. हॉलमध्ये झाडू आणि ब्लोअर अजिबात नाही, कडेची फरशी ओल्या पोछ्याने पुसायची, पोछा वाळायच्या आधी धुवायचा कारण वाळला की तीच धूळ परत उडते. फुटलेल्या चकत्यांवर आधी पाणी मारायचं आणि मगच उचलायच्या, बारीक चुऱ्यासाठी अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम भाड्याने. भाड्याचा आकडा ऐकून मालक कुरकुरले, पण हो म्हणाले. काकांची खुर्ची बाहेर पॅसेजमध्ये. आवाज जाऊ नये म्हणून आर्टिस्टने चालण्याचं रेकॉर्डिंग लावायचं ठरवलं, आणि पुढच्या वेळी ग्लेझ करून बघू का असं विचारलं. मी म्हटलं, ग्लेझ वरून असतं गं, फुटलं की आतली माती तीच, चालायचंच असेल तर न फुटणारं काहीतरी शोध आणि आधी मला बोलाव.

हॉलमधल्या धुळीचे फिल्टर लॅबला गेलेत. रिपोर्ट आला की मालकांना मेल करेनच, पण काकांना आणि बेनना समोर बसवून त्यांच्या भाषेत मी स्वतः सांगणार आहे.